अखजीचं पथ्य

दिपमाला अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली, ती वडिलांच्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नव्या चपलेने केलेली जखम दोन महिने झाले तरी मिटायचं नाव घेत नव्हती. तिने पिशवीतून रक्तातली साखर मोजायचं यंत्र काढलं, भाईदास आबांच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला तीनशे बेचाळीस.

"यंत्र बिघडेल शे," आबा म्हणाले.

"आबा, यंत्र नवं आहे. धुळ्याहून आणलंय."

"मंग धुयानं पानी लागनं व्हई त्याले."

दिपमाला धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डची प्रमुख सिस्टर होती. मधुमेहाच्या रुग्णांना पथ्य समजावणं हे तिचं खास काम. तिचं बोलणं ऐकून रुग्णाला भेटायला आलेले लोकही चहातली साखर सोडून देत, असा लौकिक होता. चोपड्याच्या डॉक्टरांनी आबांना साफ सांगितलं होतं, की साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर भागलं तर नशीब. त्यासाठी त्यांनी इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवला होता. डोस वाढत होता आणि साखरही वाढत होती. असं आपोआप होत नाही, हे दिपमालाला ठाऊक होतं. तिने पदर खोचला आणि घराची झडती घेतली.

कोऱ्या फवारणी पंपात सांजोऱ्या निघाल्या. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत पेढे. तुरीच्या कोठीत, तुरीखाली, आंबे. पेढे धाकट्या भावाने, समाधानने, पुरवले होते. सांजोऱ्या आईच्या, धुरपदाबाईच्या. आंब्यांबद्दल कुणीच बोलेना. प्रत्येकाला वाटत होतं, की आपण एकटेच देतो आणि तेही एवढंसंच. सगळ्यांचं एवढंसं एकत्र केल्यावर टोपलं भरलं.

टोपलं, घरातली साखर आणि गुळाची ढेप समोरच्या हिलाल नानांकडे रवाना झाली. मग दिपमालाने सगळ्यांना देवघरासमोर उभं केलं. घरची देवी कानबाई, तिच्या नारळावर हात ठेवायला लावला.

"आबांना गोडाचा कण द्यायचा नाही. ते रडतील, चक्कर आल्याचं सोंग करतील. कुणी विरघळायचं नाही. उद्या मी स्वतः येऊन सांगितलं तरी द्यायचं नाही!"

"अक्का, तू सांगं तरी बी नही?" समाधानने खात्री करून घेतली.

"मी सांगितलं तरी नाही."

सगळ्यांनी शपथ घेतली. आबांचा हात नारळावर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ राहिला. ते पाहून लेकीला गहिवरून आलं. नंतर तिने किराणा दुकानदार रतिलाललाही जाऊन दम दिला. "आमच्या घरचं कुणी आलं, फोन आला, अगदी माझा आला, तरी साखर द्यायची नाही." रतिलालने घाबरून मान डोलावली.

अखजीच्या सकाळी पितरांची घागर भरली, पूजा झाली. नैवेद्याला भाकरी आणि वरण होतं. यंदा पितरांनाही पथ्य पडलं. दिपमालाने आबांना नेहमीचं इंजेक्शन दिलं आणि ताट समोर आणलं.

आबांनी ताटाकडे पाहिलं. "अखजीले कारलं?"

"तुमच्यासाठीच केलंय."

"मी उपाशी ऱ्हासु," असं म्हणून आबा भिंतीकडे तोंड करून झोपले.

रुग्ण जेवतो आहे की नाही हे पाहिल्याशिवाय सुई टोचायची नाही, हा नियम दिपमाला नव्या मुलींकडून घोकून घेत असे. पण नियम रुग्णांसाठी असतात. हा तर बाप होता. रुसू दे, भूक लागली की उठेल, असं म्हणून ती भांडी आवरायला गेली.

परत आली तेव्हा आबांचा सदरा घामाने भिजला होता. हात थरथरत होते. समाधान बाजूला उभा राहून कौतुकाने बघत होता.

"अक्का, दख ना, काय सोंग शे! घाम बी काढी ऱ्हायना!"

दिपमालाने बोटाला सुई टोचली. शेहेचाळीस.

दिपमालाला चूक उमगली. डोस ठरला होता तो चोरून आंबे खाणाऱ्या आबांसाठी. तिने आंबे बंद केले, वर आबांनी जेवणही बंद केलं, आणि डोस मात्र तेवढाच राहिला.

"साखर आणा! लवकर!"

कुणी जागचं हललं नाही. समाधानने हाताची घडी घातली आणि मंद हसला.

"नही, अक्का. आम्ही फसाव नही."

"ही परीक्षा नाहीये! साखर जास्त झाली तर पाय जातो, त्याला वर्षं लागतात. कमी झाली तर माणूस जातो, आणि तो आत्ता जाईल!"

"काल ते तू आसं काही बोलनी नही," धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या.

हे खरं होतं. व्याख्यानाचा तो भाग दिपमालाने दुपारच्या जेवणानंतर ठेवला होता.

आबांनी डोळे किलकिले केले आणि लेकीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. "ताईबाई, बैल सोडा का?" बैल विकून ट्रॅक्टर घेतला, त्याला जमाना झाला होता.

"माय वं!" दिपमाला ओरडली. "मना बाप मरी जाई! काही बी गोड दे, माय!"

धुरपदाबाई ताडकन उठल्या. लेक सिस्टर झाल्यापासून घरात शुद्ध बोलत असे. "समाधान, धाव! ती आते खरं बोली ऱ्हायनी!"

समाधान धावला. हिलाल नानांच्या दाराला कुलूप होतं. नाना लेकीला आणायला दोंडाईच्याला गेले होते आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून टोपलं बरोबर नेलं होतं. तो मागच्या मळ्यात धावला. नजर पोचेल तिथवर केळीच केळी, आणि प्रत्येक घड हिरवागार कच्चा. गावचा माल पिकायच्या आत ट्रकमध्ये चढतो आणि परमुलखात जाऊन पिकतो. पाच एकर केळीत समाधान एका केळ्यासाठी वेड्यासारखा फिरला. मग तो रतिलालच्या दुकानावर पोचला.

थोड्याच वेळात दिपमालाचा फोन वाजला.

"ताई, तुमचा भाऊ साखर मागतोय," रतिलाल हळू आवाजात म्हणाला. "काळजी करू नका. मी दिली नाही."

"द्या हो! आधी द्या!"

"तुम्ही सांगितलं तरी द्यायची नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. माझा शब्द म्हणजे शब्द."

फोनमधून बरण्या पडल्याचा आवाज आला. समाधानने वाटाघाटी थांबवल्या होत्या. पण दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि इकडे आबांच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. पुरते बेशुद्ध झाले की तोंडातून काही देता येणार नाही. दिपमालाने त्यांना टेकवून बसवलं, गालावर चापट्या मारल्या. "आबा, झोपू नका! मनाकडे दखा!"

धुरपदाबाई देवघरासमोर हात जोडून उभ्या होत्या.

"माय, आत्ता देव-देव नको गं!"

धुरपदाबाईंनी ऐकलं नाही. "माफ कर, कानबाई," त्या पुटपुटल्या. त्यांनी नारळ उचलला, मागे हात घातला आणि एक पितळी डबी काढली. डबीत लिंबाएवढा गुळाचा खडा होता.

बोलायला वेळ नव्हता. गूळ पाण्यात कालवला. दिपमाला चमचा चमचा पाजू लागली. पहिला चमचा ओठांतून ओघळला. दुसरा आबांनी गिळला. तिसऱ्याला त्यांनी चव घेतली. वाटी संपता संपता घाम थांबला, आणि पुन्हा सुई टोचल्यावर आकडा नव्वदच्या वर आला. आबांनी डोळे उघडले, वाटीकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं.

"मना गूळ कोनी फोडा?"

दिपमाला हसत होती की रडत होती, हे तिलाच कळत नव्हतं. "माय, तुला ठाऊक होतं?"

"गूळ रोज कमी व्हये. मी रोज नवा ठेवू."

"आणि कोण खातं असं वाटलं तुला?"

"कानबाई," धुरपदाबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या. आबा आढ्याकडे पाहू लागले. त्याच वेळी दारात समाधान साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन आला, आणि मागोमाग रतिलाल, शब्द मोडल्याबद्दल माफी मागत.

आबांनी कारल्यासकट सगळं ताट संपवलं. चोपड्याच्या डॉक्टरांनी फोनवरच डोस कमी केला. जाण्यापूर्वी दिपमालाने व्याख्यानाचा राहिलेला भाग पूर्ण केला, आणि स्वतःच्या हाताने डबीत गूळ भरून ती नारळामागे ठेवली. "घाम आला, हात थरथरले, की आधी हा द्यायचा. कुणालाही न विचारता."

श्रावणात कानबाई बसली तोवर आबांची जखम भरत आली होती. साखर शहाण्यासारखी वागत होती. दिपमालाने फोन केला.

"आबा, डबीतला गूळ?"

"तठेच शे. हात बी लायेल नही."

"खरंच? एवढा संयम?"

आबांनी दीर्घ उसासा सोडला. "लेकनी सोताहून ठेयेल गूळ. त्याले काय चव?"