मारेकसाहेबांची फीत

परदेशातून येऊन आपल्याकडे धंदा काढायचा तर कशाकशाचा विचार करावा, हे मला विचारा. म्हणजे तेव्हा मी असंच म्हणायचे. मी हर्षाली, वाशिंदची. एका कंपनीत बरीच वर्षं अकाउंट्स सांभाळल्यावर माझी अशी समजूत झाली होती की, सरकारी कचेऱ्यांतले पंखेसुद्धा मला बघून जोरात फिरतात.

मारेकसाहेब पोलंडचे. तिकडची बेकरी विकून ते डोळखांबजवळ नाचणीच्या बिस्किटांचा कारखाना काढायला आले होते. इथली कामं बघायला त्यांनी मला नेमलं होतं. माणूस साठीचा, शांत, पण प्रश्न फार. कर किती, नफा मायदेशी कसा न्यायचा, वीज कितपत टिकते, भागीदार घ्यावा का. मी धडाधड उत्तरं दिली. भाडेपट्ट्याने जागा मिळवली, परवाने आणले आणि पावसाच्या आधी चारी बाजूंनी अशी दणकट भिंत घालून घेतली की साहेबांनी विचारलं, आत कैदी ठेवायचेत का? मी त्यांना सांगितलं, इथल्या गोष्टी माझ्यावर सोडा.

उद्घाटन दिवाळीच्या तोंडावर ठरलं. शेजारच्या पाड्यातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्यांना कारखान्यात काम द्यायचं आणि इथेच ठेवायचं, असा साहेबांचा बेत. पाड्यातल्या भरतला मी बजावून आले होते की त्या दिवशी एकही माणूस घरी राहता कामा नये.

गेटला केळीचे खांब, वर 'सुस्वागतम्', मध्ये लाल फीत. शहापूरहून बँड बोलावला होता. साहेबांना फेटा मीच बांधला. तो शिजलेल्या कोबीसारखा दिसत होता, पण सोडायला वेळ नव्हता.

वेळ झाली तरी कोणी येईना. मग एकदाचे लांबून लोक येताना दिसले. म्हातारे, बाया, सगळा पाडा, हातांत फुलं. साहेबांचे डोळे भरून आले. हे सगळे माझ्यासाठी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्याचसाठी. आणि बँडवाल्यांना खूण केली. त्यांनी वरातीचं गाणं सुरू केलं.

माणसं जवळ आली तेव्हा लक्षात आलं की कोणीच हसत नाहीये. मग खांद्यांवरची तिरडी दिसली.

बँडवाल्यांची पाठ तिकडे होती. थांबा म्हणून मी दोन्ही हात हलवले, तर त्यांना वाटलं बाई नाचतायत. त्यांनी लय वाढवली. तेवढ्यात साहेब हात जोडून हसत पुढे गेले, थेट तिरडीसमोर उभे राहिले आणि हार घालून घ्यायला मान वाकवली.

बँड थांबला तो एका भोंग्याचा सूर अर्ध्यातच सोडून.

पाड्यातला कमळू पहाटे वारला होता. तिरडीमागे त्याची बायको जनी होती. भरत माझ्याजवळ आला.

"ताई, गेट उघडा."

"भरत, आज आपला कार्यक्रम आहे रे."

"आमचा पण कार्यक्रमच हाय," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. पाड्याचं स्मशान आमच्या शेडच्या मागे, ओहोळाच्या काठावर. तिथली वाट आमच्या जागेतूनच जायची. भिंत घातल्यापासून पाड्यात कोणी वारलं नव्हतं, म्हणून कोणी बोललं नाही. वळसा घालायचा तर दोन्हीकडे लोकांचा उभा भात. आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

मला त्या वेळी काय सुचावं? मी जनीला म्हटलं, मावशी, पाच मिनिटं थांबता का, तेवढी फीत कापून घेतो.

"थांबतो गो बाय," ती म्हणाली. "पन तो मान्सांच्या खांद्यावर हाय. इथं खाली ठेवता येत नाय."

साहेबांनी विचारलं, काय म्हणतायत?  मी सगळं सांगितलं. त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, ताटातली कात्री उचलली, फीत कापली आणि गेट उघडलं. केळीच्या खांबांमधून तिरडी जाईना, म्हणून खांब त्यांनी आणि भरतने मिळून उपटले. 'सुस्वागतम्' खाली आलं. आमच्या कारखान्यात पहिला पाहुणा कमळू शिरला.

आत गेल्यावर सगळे थांबले. मागच्या भिंतीला दारच नव्हतं.

पूजेला ठेवलेली कुदळ साहेबांनी घेतली. भरत पहार घेऊन आला. भिंत मी करून घेतलेली, ती कसली पडतेय! खांदेकरी बदलत राहिले. जनीला उभं राहवेना, तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यावर मी तिला बसवलं. फुलांनी सजवलेल्या त्या सोफ्यावर ती अगदी टोकाला बसून होती, आणि भिंतीवर पडणाऱ्या प्रत्येक घावाबरोबर तिचे खांदे हलत होते. मी तिचा हात धरला. तो थंडगार होता. 

चिता पेटली तेव्हा साहेब भगदाडापाशी उभे होते. हाताला फोड आले होते. ते मला एवढंच म्हणाले, "मी तुला इतके प्रश्न विचारले, हर्षाली. या जागेवरून कोण चालतं, हे मात्र आपण दोघांनीही विचारलं नाही."

कारखाना चालू झाला. वाट मोकळी ठेवली, पुढे-मागे कायमची फाटकं करायचं ठरलं. पाड्यातली निम्मी माणसं तरीही भट्टीवर गेली. जनी मात्र कामाला येते, पॅकिंगला. मागच्या भगदाडाकडे पाठ करून बसते.

फाटकाची रुंदी ठरवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. या वेळी मी पक्कं ठरवलं की विचारल्याशिवाय काही करायचं नाही. टेप घेतली आणि पाड्यात घरोघर विचारत फिरले, तिरडी साधारण किती रुंद असते? एका ओटीवर काळू आजोबा तापाने पडले होते. त्यांनी टेपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

आजोबा बरे झाले. पण हल्ली पाड्यात कोणी आजारी असलं आणि मी विचारपूस करायला गेले, की घरचे मला अंगणातच चहा देऊन वाटेला लावतात.