डिजिटल रेडिओची तिसरी पद्धत

प्रगतीचे मूळ लक्षण असे की, ती होण्यासाठी आधी चालू असलेले काहीतरी बंद करावे लागते. आमच्या प्रसारण खात्याने हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळले की प्रगती पोचायच्या आतच जुना रेडिओ बंद करून टाकला.

जुना रेडिओ खरखरायचा. डिजिटल रेडिओ खरखरत नाही. एकतर तो लख्ख ऐकू येतो, नाहीतर मुळीच येत नाही. (दुसऱ्या परिस्थितीतही खरखर नसतेच, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.) प्रश्न होता फक्त पद्धतीचा. पद्धती दोन होत्या आणि एकीच्या संचावर दुसरी लागत नसे. पहिली आमच्या संचालकसाहेबांनी परदेशात जाऊन पाहिली होती, दुसरी उपसंचालकसाहेबांनी. दोघे वेगवेगळ्या देशांत गेले होते, एवढाच काय तो तात्त्विक मतभेद. समितीने कोणाचेही मन न दुखवता दोन्ही मंजूर केल्या. नदीच्या अलीकडे पहिली, पलीकडे दुसरी, पुलावर शांतता. एका कारखानदाराने दोन्ही पद्धती ऐकू येतील असा संच बनवून आणला. तो कोणत्याच एका पद्धतीत बसेना, म्हणून नामंजूर झाला.

मी या खात्यात अभियंता आहे, आणि सकाळच्या बातम्या देणारी निवेदिका माझी सख्खी मावशी. एकदा बातम्या वाचताना तिला शिंक आली, तर आठवडाभर पोत्यांनी पत्रे येत होती. निम्म्यांत सर्दीवरचे उपाय, उरलेल्यांत "शिंक बातमीच्या आधी की नंतर?" अशी चौकशी. डिजिटल झाल्यावर पत्रे बंद झाली.

"अरे, कोणी ऐकतंय का?" तिने एकदा मला कॅन्टीनमध्ये गाठून विचारले.

"मावशी, पंच्याऐंशी टक्के लोकांच्या दारापर्यंत आपण पोचतो."

"पोचतो ते कळलं. दार कोणी उघडतंय का?"

ही माहिती गोपनीय होती. शहरात संच दोनच होते. एक संचालकांच्या टेबलावर, दुसरा उपसंचालकांच्या. (दोघेही बहुधा बैठकीत असतात.)

मावशी स्वभावाने शोधक. दुसऱ्या दिवशी तिने आदल्या दिवशीच्याच बातम्या वाचल्या. काही झाले नाही. मग हवामानात सांगितले, "आज दुपारनंतर सूर्य उगवण्याची शक्यता आहे." त्याचेही कोणाला काही वाटले नाही. शेवटी तिने अत्यंत गंभीर आवाजात वाचले, "प्रसारण संचालकांनी राजीनामा दिला असून खात्यात आनंदाचे वातावरण आहे." त्या वेळी संचालकसाहेब संचाशेजारीच बसून फोनवर कोणाला तरी आवाजाच्या स्पष्टतेबद्दल सांगत होते.

मावशी स्टुडिओबाहेर आली आणि जिन्यात बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते. एसीचा त्रास असेल, असे मी धरून चाललो.

त्या तिमाहीच्या अहवालात तक्रारी शून्य होत्या. जुन्या रेडिओच्या काळात त्या शेकड्यांनी येत. श्रोत्यांच्या समाधानाचा हा उच्चांक असल्याने साहेबांचा सत्कार झाला.

त्याच सुमारास मावशी ब्लाउजला अस्तर लावायला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेली. मशीनच्या वरच्या फळीवर त्याचा जुना रेडिओ नुसता खरखरत होता.

"बंद का करत नाही हो?" तिने विचारले.

"राहू दे, ताई. खरखर असली की आता कोणीतरी बोलेल असं वाटतं..." एवढे बोलून शिंप्याने कात्री थांबवली. "तुम्ही... सकाळच्या बातम्या?"

मावशीने पर्स खाली ठेवली, घसा साफ केला आणि उभ्या उभ्या त्याला बातम्या सांगितल्या. हवामानासकट. पँट आखूड करायला आलेले दोघे आपली पँट विसरून ऐकत राहिले.

आठवडाभरात दुकानासमोर रस्ता भरू लागला. खात्याच्या कानावर हे प्रसारण गेले आणि पाहणीसाठी माझी नेमणूक झाली. मी वही काढलेली पाहून मावशी म्हणाली, "खात्याकडून आलायस की घरून?"

"खात्याकडून."

"मग मागे उभा राहा. पुढे ऐकणारी माणसं बसतात."

मी मागे उभे राहून पाहणी केली. प्रसारणाचा पल्ला समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत, वारा बरा असल्यास बसथांब्यापर्यंत. संच लागत नाही. व्यत्यय फक्त मशीन चालू असताना. गंभीर त्रुटी एकच : श्रोता मध्येच प्रश्न विचारतो आणि निवेदिका उत्तरही देते.

हे थांबवणे शक्य नव्हते, म्हणून साहेबांनी ते तिसरी पद्धत म्हणून स्वीकारले. उपसंचालकांनी लगेच रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये आपला माणूस बसवून चौथी काढली. तो तिच्यापेक्षा मोठ्याने बोलतो. मावशीला तिसऱ्या पद्धतीची प्रमुख केल्याचा आदेश निघाला, त्यासोबत बातम्या आधी मंजूर करून घेण्याची अटही. त्यावर तिने स्टुडिओत जाऊन राजीनामा थेट प्रसारणातच वाचला, माईक बंद केला आणि ती शिंप्याकडे निघून गेली. राजीनामा कोणीच ऐकला नसल्यामुळे तो खात्याला मिळालेला नाही. कागदोपत्री ती अजून रोज सकाळी वाचते. स्टुडिओ रिकामा असतो, पण त्याबद्दलही तक्रार नाही. तिकडे दुकानात ती इतकी खूश आहे की घरी आली की बोलतच नाही. सगळे तिथेच बोलून झालेले असते.

आता दोन्ही दुकानांचा आवाज रस्त्याच्या मधोमध एकमेकांत मिसळू लागला आहे. त्यावर समितीने तोडगा काढला. प्रत्येक नागरिकाने यापुढे एकच कान चालू ठेवायचा : उजवा तिसऱ्या पद्धतीसाठी किंवा डावा चौथीसाठी. लोकशाही असल्याने हरकती मागवणारी सूचना दोन्ही डिजिटल वाहिन्यांवर महिनाभर वाचण्यात आली.

तुमची हरकत आलेली नाही. ती संमती मानून तुमचा कोणता कान बंद करायचा हे ठरवण्यात आले आहे. उद्या सकाळी रेडिओवर सांगू.