डॉक्टरांनी हसू नका सांगितलंय

अक्कलदाढ काढल्याचं नवऱ्याला सांगायचं नाही, हे तिने दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं. निर्णय तसा छोटासाच होता. पण घरात विनोदी मालिका लिहिणारा माणूस असला की छोटं काही छोटं राहत नाही.

तिचं दूध उतू गेलं, ते पुढच्या भागात टीव्हीवर उतू गेलं. तिची मावशी चुकून भलत्याच लग्नात जेवून आली, तीही टीव्हीवर जेवली. आता ही दाढ कळली, की लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक शेजारी तिच्या अकलेची चौकशी करणार!

"आई, तुम्हीही बोलू नका हं," गाल धरून तिने सासूबाईंना बजावलं.

"मी कशाला बोलतेय? पण टाके आहेत, ध्यानात ठेव. डॉक्टरांनी हसू नका सांगितलंय."

"मी संसार करतेय आई. हसायला वेळ कुठाय?"

हे बोलायला ठीक होतं. खरं म्हणजे तिच्या हसण्यावरच त्या घराचा सगळा उद्योग चालायचा.

नवरा पूर्वी एका गोदामात कारकून होता. 'शिडीवर चढणाऱ्याने उतरायचीही तयारी ठेवावी' असल्या सूचना तो फलकावर लिहायचा आणि लोक काम सोडून त्या वाचायला यायचे. तिथून कुणीतरी त्याला टीव्हीच्या एका कार्यक्रमात वाक्यं लिहायला नेलं. वाक्यांचे प्रवेश झाले, प्रवेशांची मालिका झाली, आणि आता तर तो निर्माताही झाला होता. (निर्माता म्हणजे नटाच्या रुसव्यापासून खुर्चीच्या मोडक्या पायापर्यंत सगळं ज्याच्या डोक्यावर असतं, तो.) कुणाच्या रूपावर, कुणाच्या गरिबीवर त्याने कधी विनोद केला नाही. तिला त्याचं फार कौतुक होतं.

लिहिलेला प्रत्येक प्रवेश तो आधी तिला वाचून दाखवी. ती हसली तर ठेवायचा, नाही हसली तर फाडायचा. आईच्या हसण्याला मात्र किंमत नव्हती. "मी लहानपणी धडपडलो तरी ही कौतुकाने हसायची," तो म्हणे.

त्या संध्याकाळी तो कागद घेऊन आला तो घाबराघुबराच.

"उद्या प्रेक्षकांसमोर चित्रण आहे, आणि वाहिनीच्या मॅडम स्वतः बघायला येतायत. भाग रंगला तर मालिका राहणार, नाहीतर बंद. ऐक." आणि मग एकदम, "हे गळ्याला काय गुंडाळलंयस?"

"सर्दी," मफलरच्या आतून ती म्हणाली.

"बरं." लोकांच्या भुवया कशा हलतात यावर पोट भरणारा तो माणूस, पण बायकोचा सुजलेला गाल काही त्याला दिसला नाही.

त्याने वाचायला सुरुवात केली. नवा कुकर, त्याची शिट्टी आणि शिट्टीला घाबरलेले सासरे. इतकं झकास त्याने कधी लिहिलं नव्हतं. तिच्या पोटात हसू उकळायला लागलं, टाका खेचला गेला, डोळ्यांत पाणी आलं. मांडीला चिमटे काढत तिने दुःखाच्या गोष्टी आठवल्या. पहिल्याच धुण्यात आटलेली नवी साडी आठवली. चेहरा दगडासारखा ठेवला.

तो थांबला. "नाही जमलं?"

"छान आहे," ती दात न उघडता म्हणाली. त्या आवाजात तर ते सांत्वनच वाटलं.

त्याने कागद फाडला आणि दुसरा प्रवेश लिहून आणला. तो आधीच्यापेक्षा भारी होता. ती स्वयंपाकघरात पळाली आणि फ्रीजमध्ये डोकं घालून उभी राहिली.

"ऐकवतही नाही तिला," तो आईला म्हणाला. "संपलो मी."

"अरे, ती..." सासूबाईंनी जीभ चावली. सुनेला शब्द दिला होता.

शेवटी त्याने हताश होऊन एक रडका प्रवेश लिहिला. आजारी बाप, परदेशी मुलगा, वगैरे. तो ऐकताना मात्र तिचा जबडा सैल पडला, दुखणं थांबलं आणि सुटकेने ती किंचित हसली.

"हेच!" तो ओरडला. आणि सकाळी तेच घेऊन स्टुडिओत गेला.

"काय म्हणावं तुला?" सासूबाई कडाडल्या. "एका दाढेपायी माझ्या लेकाचा धंदा बुडवतेस? ऊठ!"

तिने फोन केला, पण तालमीत तो फोन बंद ठेवत असे. मग मफलर गुंडाळून ती टॅक्सीत बसली.

स्टुडिओत तीनच भिंतींचं घर उभं होतं. त्यात नट प्रवेशातल्या आजारी बापाजवळ बसून हुंदके देत होते. दिवेवाला शिडीवर डोळे पुसत होता. आणि तिचा नवरा, हरलेला असूनही, नटाला हळूच सांगत होता, "खुर्ची जरा मागे घ्या. प्रेक्षकांना बाबांचा चेहरा दिसू दे." ते बघून तिला भरून आलं. माणूस बुडतानाही खुर्ची नीट लावत होता!

तिने त्याला बाजूला ओढलं. "अहो, काल सगळं हसण्यासारखंच होतं. मी दाढ काढलीय. टाके आहेत."

"कधी? दुखतंय?" त्याचा चेहरा पडला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही टीव्हीवर आणली असती म्हणून."

"मी? छे!" तो दुखावून म्हणाला. मग त्याची नजर तिच्या मफलरवर थांबली. डोळे बारीक झाले. "फ्रीजमध्ये डोकं... त्यासाठी?"

ती ओळखून चुकली. "आणा," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे."

प्रेक्षक आत येईपर्यंत नवा प्रवेश तयार झाला. हसायला बंदी असलेली बायको आणि तिला जीव तोडून हसवणारा नवरा. बायको कुठे चिमटा काढते, कधी पळते, हे तिनेच नटीला दाखवलं. पहिल्या वाक्यापासून हशा सुरू झाला. दिवेवाला शिडीला मिठी मारून हसला. ती इतकी हसली की एक टाका तुटला, पण रुमाल दाबून तिने शेवटपर्यंत पाहिलं.

मॅडम डोळे पुसत आल्या. "मालिका चालू ठेवायची! बायको तर अगदी खरी वाटते. एवढं एक सांगते, नवरा जरा कमी बावळट दाखवा. बायकोचा गाल टम्म सुजलाय आणि ह्याला दिसत नाही? असा माणूस खऱ्या आयुष्यात असतो का कुठे?"

सगळे लेखकाकडे बघायला लागले. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने रुमाल आणखी घट्ट दाबला.

"करतो कमी," तो खाली मान घालून म्हणाला.

आणि मालिकेतल्या नवऱ्याचा बावळटपणा पुढच्या भागापासून त्याने खरोखरच कमी केला. घरातल्याचं काम अजून चालू आहे.