केशराला पाणी घालण्याचा मान

एका जंगलात म्हाताऱ्या प्राण्यांची संख्या फार वाढली होती. मुलांनो, म्हातारं होणं हा काही गुन्हा नाही. पण त्या जंगलात तो हुद्दा होता. गुडघे दुखायला लागले की प्राणी आपोआप समितीवर जायचा.

त्याच जंगलात कुसळी नावाची साळिंदराची एक पोर राहायची. तिने घुबड सरांची शाळा अर्ध्यात सोडली होती. सर दिवसा शिकवायचे आणि दिवसा त्यांना काही दिसायचं नाही. फळ्यावर कालचं लिहिलंय की परवाचं, हे त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. कुसळीने हे तोंडावर सांगितलं. मग शाळेनेही तिला फारसं थांबवलं नाही.

टेकडीचा एक उतार पडून होता. रेताड, मुरमाड, पाणी न थांबणारा, वर पुढे आलेला खडक. कुसळीने तो साफ केला. उत्तरेकडून येणाऱ्या एका बदकाशी तिची दोस्ती होती. परत जाण्याआधी त्याने तिला केशराचे कंद दिले. छोट्या कांद्याएवढे.

आता साळिंदराच्या घरात कंद म्हणजे जेवण. कुसळीच्या मामाने एक कंद हुंगून पाहिला.

"खायचे नाहीत? मग आणलेस कशाला?"

"लावायला, मामा."

"शाळा सोडलीस तेव्हाच मला शंका आली होती," मामा म्हणाला.

बदकाने सगळं नीट सांगितलं होतं. "उन्हाळा-पावसाळा हे झोपून काढतात. वर काही दिसणार नाही. पाणी अजिबात घालू नकोस. थंडीची चाहूल लागली की आपले आपण उठतील. आधी फूल येईल, पानं मागाहून." कुसळीने थोडे कंद उतारावर पुरले, थोडे कुंड्यांत. कुंड्या टेकडीच्या माथ्यावर ठेवल्या.

समितीचे अध्यक्ष होते भाऊसाहेब गवा. त्यांचा त्या उतारावर फार दिवसांपासून डोळा होता. तिथे त्यांना ज्येष्ठ प्राण्यांसाठी सिमेंटचा कट्टा बांधायचा होता. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "कुसळे, कोजागिरीच्या दुधात तुझं केशर पडलं तर उतार तुझा. नाही पडलं तर कट्टा आमचा."

"चालेल," कुसळी म्हणाली.

पण त्या जंगलात एक रीत होती. ज्येष्ठ प्राणी कुणाच्या बागेत आला की त्याच्या शिंगात, सोंडेत, जिथे जमेल तिथे झारी अडकवायची. पाणी घालायचा मान त्याचा. मग इतरांनी टाळ्या वाजवायच्या. मान नाकारला तर तुम्ही बिघडलेले.

ज्येष्ठ मंडळी रोज येऊ लागली. त्यांना दुसरं काम काय होतं?

शांताक्का वानरीण कुंडीत डोकावली. "काय गं, काहीच कसं दिसत नाही?"

"झोपलेत, आक्का."

"भर दुपारी? आमच्या वेळी कंद असे लोळत पडायचे नाहीत." असं म्हणून आक्काने झारी रिकामी केली. मग भाऊसाहेबांनी केली. मग ज्यांचा नंबर लागला नव्हता ते रुसले, म्हणून त्यांनीही केली.

थोड्याच दिवसांत कुंड्यांतून कुजका वास यायला लागला. कुसळीने माती उकरली. आत नुसता लगदा. ती थोडं रडली आणि तिने पुष्कळ शिव्या दिल्या. शिव्या इथे लिहीत नाही, तुम्हाला त्या येतातच.

ती तडक भाऊसाहेबांकडे गेली. "तुमच्या पाण्याने माझे कंद कुजले."

भाऊसाहेब रवंथ करत हसले. "पाण्याने कधी काही कुजतं का बाळ? कमी पडलं असणार. आता उतारावरचे राहिलेत ना? उद्यापासून आम्ही सगळे तिकडेच येतो."

घ्या. आता काय करायचं? भांडून उपयोग नव्हता. भांडणाचा ठराव व्हायचा आणि ठरावाची उपसमिती.

कुसळीने त्याच कुंड्या धुतल्या. त्यांत साधी माती भरली. कंद नाही, बी नाही, काही नाही. बाहेरून गेरू लावला, भोवती रांगोळी काढली, प्रत्येक कुंडीवर एकेका ज्येष्ठाचं नाव रंगवलं. भाऊसाहेबांची कुंडी सगळ्यांत मोठी, तिला हार.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली आणि माथ्यावरच थबकली. उताराकडे मग कुणी वळूनही पाहिलं नाही. आपलं नाव दिसत असताना दुसरीकडे कोण बघतो?

पावसाळा आला. पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला उतारावरचे कंद कोरडेच राहिले. धो धो पावसात भाऊसाहेब झारीने पाणी घालायचे आणि आक्का त्यांच्यावर छत्री धरायची. आक्काच्या कुंडीत गवताची काडी उगवली. "केशर आलं," म्हणत तिने जंगलभर पेढे वाटले. कुसळीनेही दोन खाल्ले. पेढे चांगले होते.

आणि कोजागिरीच्या सकाळी उतार जांभळा झाला. एक पान नाही, उघडी माती, आणि तिच्यातून थेट फुलं. प्रत्येक फुलात तीन लालभडक तंतू. कुसळी नाचली. नाचताना तिचे चार काटे मामाच्या पाठीत गेले.

समिती पाहणीला आली.

"पानं कुठायत?" आक्काने विचारलं.

"मागाहून येतात."

"पानांआधी फूल? ही काय रीत झाली? आधी पानं, मग फूल. आधी शिक्षण, मग बाकीचं." एवढं बोलून आक्काने कुसळीकडे नीट बघून घेतलं.

भाऊसाहेबांनी मान हलवली. "नियमात बसत नाही. हे केशर धरता येणार नाही. उद्या सिमेंट मागवतो."

क्षणभर कुसळीला वाटलं, सरळ काटे फुलवावेत आणि समितीत शिरावं. मग तिने एक मोठा श्वास घेतला.

"बरोबर आहे, भाऊसाहेब. मला आपलं वाटलं, तुम्ही वर कुंड्यांत घातलेलं पाणीच मुरत मुरत खाली आलं आणि त्याचीच ही फुलं. पण तुमची नाहीत म्हणता तर राहू दे. उपटून टाकते."

ती खाली वाकली.

"थांब, थांब," भाऊसाहेब म्हणाले. "तरुणांना भारी घाई. असं बिनपानाचं फूल मी लहानपणी पाहिलंय. हीच खरी जुनी पद्धत."

"मी तर पहिल्यापासून हेच सांगतेय," आक्का म्हणाली.

केशर दुधात पडलं. भाऊसाहेबांना शाल मिळाली. त्यांचं भाषण एवढं लांबलं की दुधावर जाड साय धरली. भाषणात कुसळीचं नाव आलं नाही, पण उतार तिच्या नावावर झाला. कट्टाही झाला, माथ्यावर, कुंड्यांच्या भोवती. आजही मंडळी तिथे बसून आपापल्या मातीला पाणी घालतात आणि हल्लीच्या पिढीला नावं ठेवतात. खाली कुसळीचे कंद दरवर्षी वाढतात. सगळे मजेत आहेत.

तात्पर्य : मोठ्यांचा मान अवश्य राखावा. कंद कुठे पुरलेत तेवढं त्यांना सांगू नये.