गगनबावड्याला बदली

आमचे घरमालक अण्णा खोत खारींच्या बदल्या करतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खोली घेऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी नळावर गेले, तर अण्णा पेरूच्या बुंध्याशी पाट टाकून बसलेले. समोर पिंजरा आणि पिंजऱ्यात खार. ती जाळीला नाक घासत होती आणि अण्णा तिला शांतपणे समजावत होते.

"पेरू अर्धा खाल्लास, अर्धा टाकलास. पोटासाठी खाल्ला असतास तर मेमो देऊन सोडली असती. पन ही नासाडी हाय. तुझी मलकापूरला बदली केली. जा."

मी बादली तशीच ठेवून परत वर गेले. मी गगनबावड्याकडच्या एका लहान गावातली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे शहरातल्या माणसांच्या कुठल्या गोष्टीला हसायचं आणि कुठल्या नाही, हे मला अजून नीट कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. पुढं कळलं की अण्णांच्या बाबतीत हसायचं नसतं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून डेपोतलंच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आजारी पडल्या की त्या "ब्रेकडाऊन" होतात. जेवण झालं की अण्णा "डेपोला जमा" होतात. कळंब्याच्या बाजूला त्यांचं छोटं घर आहे आणि घरापेक्षा मोठी बाग. पेरू, डाळिंब, चिकू, कुंपणाला तोंडली, एका कोपऱ्यात भुईमूग. ही बाग म्हणजे अण्णांची गाडी आणि खारी, उंदीर, घुशी म्हणजे तिकीट न काढता चढलेले लोक.

त्यांच्यासाठी अण्णांनी काय काय केलं होतं! झाडांच्या बुंध्यांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला होता, पाय घसरावा म्हणून. आपल्या जुन्या युनिफॉर्मच्या खाकी कापडाच्या पिशव्या शिवून एकेका पेरूला घातल्या होत्या. लांबून झाडावर लहान लहान हवालदार लटकल्यासारखे दिसायचे. गळालेलं फळ दिवस मावळायच्या आत उचललं नाही, तर आम्हा दोघींना बोलणी बसायची. "खाली फळ ठेवायचं आनि उंदीर आला म्हणून वरडायचं. पंगत तुम्हीच मांडलासा की!"

न्यायही ठरलेला होता. उंदीर-घुशींना दया नव्हती. त्यांच्या बिळात काचा आणि सिमेंट. "ती रोजंदारीची मानसं. त्यास्नी थेट कमी करायचं." पण खार मारायची नाही. तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, त्यामुळे ती अण्णांच्या हिशोबानं कायम नोकरीत होती. नुसता पेरू खाल्ला तर नृसिंहवाडी. "देवाच्या दारात ऱ्हाईल, सुधारंल." पेरूची नासाडी केली किंवा डाळिंब फोडलं तर मलकापूर. आणि भुईमूग उकरला तर गगनबावडा. "बसू दे पावसात."

"माझं गाव तिकडंच आहे, अण्णा," मी एकदा चाचरत म्हणाले.

"मग तुला म्हाईतच हाय शिक्षा काय असती ती," अण्णा म्हणाले.

स्वतः जाऊन खारी सोडायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. पण आमच्याकडे एसटीतून काहीही पाठवता येतं. माझा जेवणाचा डबाच रोज तसा येतो. आई गावच्या फाट्यावर गाडीला हात करते, डबा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवते आणि मी रंकाळा स्टँडवर तो उतरवून घेते. अण्णांनी तीच सोय उलट्या बाजूनं वापरली. पिंजऱ्यावर फडकं टाकायचं, स्टँडवर जायचं आणि त्या बाजूच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पिंजरा द्यायचा. गगनबावड्याच्या गाडीवर सलीमभाई असत. ते अण्णांच्या हाताखाली शिकलेले. गगनबावडा यायच्या अलीकडे झाडी लागली की गाडी बाजूला घेऊन ते खार सोडत आणि मगच स्टँडवर जात.

काकूंना हा प्रकार पटत नसे. "नातवंडं पुण्यात, आनि ह्ये हितं खारीस्नी पोचवाय जात्यात," असं त्या भाजी निवडता निवडता म्हणत. अण्णा ऐकू न आल्यासारखं करत.

हे सगळं सांगितलं ते त्या सकाळसाठी.

उन्हाळा नुकताच लागत होता. भुईमूग जवळजवळ सगळा उकरलेला निघाला आणि पिंजऱ्यात खार सापडली. ती इतरांसारखी गप्प बसेना. सारखी जाळीवर आपटत होती, ओरडत होती. "लई तोंडाळ हाय," अण्णा म्हणाले. "हिला गगनबावडा कमीच हाय." आणि ते पिंजरा घेऊन स्टँडवर गेले.

ते परत आले तेव्हा मी कपडे वाळत घालायला गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीखालून बारीक आवाज येत होता. मी वाकून पाहिलं. काथ्या, काकूंच्या गोधडीतला कापूस आणि मधूनमधून खाकी धागे. अण्णांच्याच पिशव्या कुरतडून केलेलं घरटं होतं ते. आत तीन पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, पाठीवर पट्टे नुसते काढायला घेतल्यासारखे.

मी खाली हाक मारली. अण्णा वर आले, गुडघ्यावर बसले आणि बघतच राहिले. मागून काकू आल्या. त्यांनी एकदा घरट्याकडे पाहिलं आणि एकदा अण्णांकडे.

"बाळंतिणीची बदली केलासा व्हय?"

अण्णांचा चेहरा उतरला. "मला काय ठावं? तिनं सांगितलं न्हाय."

"वरडत होती की सकाळपास्नं! आनि काय अर्ज करायचा तिनं?"

अण्णा माझ्याकडे वळले. "तू सायन्सची हाईस. दुसरी खार पाजंल काय ह्यास्नी?"

"नाही, अण्णा. मला वाटतं, नाही पाजत." मला ते सांगताना वाईट वाटलं.

काकू दूध आणि कापूस आणायला निघाल्या. मी घाबरत म्हणाले की गाईचं दूध त्यांना सोसणार नाही. "मग काय पाजू? तुझं पुस्तक?" काकू म्हणाल्या, पण थांबल्या. टाकीवर एक कावळा येऊन बसला होता. अण्णांनी चप्पल काढून फेकली. कावळा उडाला आणि शेजारच्या गच्चीवर बसून राहिला. त्याला घाई नव्हती.

अण्णांनी सलीमभाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.

"गाडी चालवताना त्यो फोन घेत न्हाय," अण्णा म्हणाले. "पिशवीत टाकतो. मीच शिकवलंय त्येला." आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या शिकवण्याचा पश्चात्ताप होत होता. कंडक्टर नवा होता, त्याचा नंबर नव्हता. मागून गाठायचं म्हटलं तरी गाडी निम्म्याच्या पुढं गेली असणार. आणि झाडीत खार एकदा सुटली, की गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या गावचा फाटा झाडीच्या अलीकडे आहे.

मी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सांगताना माझी जीभ अडखळत होती.

"खार?" आई म्हणाली. "जित्ती खार? एसटीत?"

"हो गं. गाडी थांबव आणि पिंजरा उतरवून घे. तू आत्ता पळ."

"अगं, हितं दानं खाऊन वैताग आनलाय खारींनी, आनि मी एक आनखी उतरवून घेऊ?"

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. "वैनी, मी खोत बोलतोय. घरमालक. तिची पोरं हितं मागं ऱ्हायल्यात. तान्ही हाईत."

पलीकडून फक्त आईच्या पळण्याचा आवाज यायला लागला. चपला, बांगड्या, धाप. एक कुत्रं भुंकलं. कुणीतरी विचारलं, "काय झालं गं?" आई पळतच राहिली.

आम्ही तिघं गच्चीवर फोनभोवती बसलो होतो. लांबून गाडीचं इंजिन ऐकू आलं. अण्णा कान लावून म्हणाले, "तिसऱ्या गेरवर हाय. थांबायच्या बेतात न्हाय त्यो." मग हॉर्न. लांबलचक, चिडलेला हॉर्न. मग पुन्हा हॉर्न, अगदी जवळ. काकूंनी माझा दंड धरला. अण्णांचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला होता, जसा काही तिथं ब्रेक होता.

चाकं करकरली.

"मावशी! मराय आलाय काय मधी?" सलीमभाईंचा आवाज.

"खार कुठं हाय?" आईचा आवाज.

मग एकच गोंधळ. गाडीतली माणसं बोलायला लागली. कुणी म्हणालं, कसली खार? कुणी म्हणालं, दवाखान्याची वेळ चुकतीया. कुणीतरी बाई ठासून म्हणाली की बायकोमाणूस रस्त्यात उभं राहिलंय म्हणजे काहीतरी असणार. कंडक्टर विचारत होता, "मावशी, तिकीट कुठलं?" अण्णा फोनवर ओरडले, "सल्या! डबल बेल घिऊ नको! पिंजरा त्या बाईच्या हातात दे!"

"अण्णा? तुमी कुठनं बोलताय?"

"दे म्हणतो न्हवं!"

पिंजऱ्याची कडी वाजली. आणि तीच किरकिर, सकाळी अण्णांना तोंडाळ वाटलेली. ती ऐकल्यावर अण्णांनी फोन खाली ठेवला आणि तोंडावरून हात फिरवला.

पण अजून पिंजरा यायचा होता. गगनबावड्याहून परतणाऱ्या गाडीत आई तो ठेवणार होती. तोवर पिल्लं तग धरतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा स्टँडवर गेले. काकू आणि मी घरट्याशी बसलो. ऊन चढत होतं. काकूंनी आपल्या पदराची सावली केली. पिल्लांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. एक जण तर अजिबात हलेना. मी बोट जवळ नेलं आणि मागं घेतलं. शेजारच्या गच्चीवर आता दोन कावळे होते.

"आवाज बंद झाला म्हंजे झोपली असतील," काकू म्हणाल्या. मी हो म्हणाले. आम्हा दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं.

रिक्षा दारात थांबली. अण्णा पिंजरा छातीशी धरून जिना चढले, धापा टाकत. टाकीपासून थोडं लांब पिंजरा ठेवून त्यांनी दार वर केलं आणि आम्हाला मागं सरकायला खुणावलं.

खार बाहेर येईना. कोपऱ्यात अंग चोरून बसली. नुसत्या मिश्या हलत होत्या.

"ये की बाय," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "चुकलं माझं. ऑर्डर रद्द केली."

ती सुटली, ती थेट उलट्या बाजूला. कठड्यावरून विजेच्या तारेवर, तारेवरून शेजारच्या नारळावर. दिसेनाशी झाली.

"गेली," अण्णा म्हणाले आणि खालीच बसले. काकू त्यांच्या शेजारी टेकल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तार हलली. खार आली, थांबली, आमच्याकडे पाहिलं, शेपटी झटकली. मग टाकीखाली घुसली. आत बारीक चुकचुक झाली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात पिल्लू होतं, गोळा झालेलं, तिच्या मानेला मिठी मारल्यासारखं. ती तारेवरून नारळाकडे गेली. परत आली, दुसरं नेलं. तिसरं तेच होतं, न हलणारं. तिनं त्याला धरलं तेव्हा त्याचा एक पाय ताणला गेला आणि आखडला.

"हाय जित्तं," काकू म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी अण्णांना बोलून घेतलंच. "बघा, हितं ऱ्हाईना म्हणाली. तिनंच बदली करून घेतली."

अण्णा नारळाकडे पाहत बसले होते.

"आमची पोरगी रत्ना तवा सा म्हयन्याची होती," ते म्हणाले. "साहेबानं सगळ्यास्नी उभं केलं आनि इचारलं, कोकणात डेपोला मानूस पायजे, कुनाची काय अडचण हाय काय? एकानं सांगितलं आई आजारी हाय. एकानं सांगितलं घर बांधायला काढलंय. त्यांची नावं कटली. माझ्या तोंडात आलतं, घरात तान्हं हाय म्हणून. पन गड्यानं असं कसं सांगायचं? गप बसलो."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटतं, हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"घाटात पाऊस, रजा मिळायची न्हाय, मिळाली तर गाडी गावायची न्हाय. एकदा लई दिसांनी आलो. रत्ना दारात खेळत हुती. चांगली बोलाय लागली हुती. मी म्हणलं, ये. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली आनि आत पळाली." अण्णांनी रिकाम्या पिंजऱ्याचं दार खाली केलं. "आत जाऊन हिला सांगितलं, आई, पावणं आल्यात."

काकूंनी मान खाली घातली. "पानी घिऊन पन तीच आलती," त्या म्हणाल्या. "दोनी हातांनी तांब्या धरून."

"अजून फोनवर तशीच बोलती," अण्णा म्हणाले. "तब्येत कशी हाय, जेवलासा काय. लई रीतभात हाय तिला. कधी एका शब्दानं भांडली न्हाय माझ्यासंगं."