गाडेकर मास्तरांचा नदीचा तक्ता

कुणी पानाची पिंक टाकली तरी गाडेकर मास्तर विचारायचे, "हे गेलं कुठं?" आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "फेकलं म्हंजी गेलं न्हाई, फुडं गेलं!" बेलापूरच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी भूगोल. एकाच खोलीत बसायचो, त्यामुळे दिवसातून वीसदा हे ऐकणं माझ्या नशिबी आलं.

एकाहत्तर सालची गोष्ट. खताच्या गोण्यांतून आतला प्लास्टिकचा कागद यायला लागला होता. लोक पावसात त्याची खोळ करत आणि फाटला की प्रवरेत सोडून मोकळे होत. मास्तरांनी हिय्या केला. हा कागद थेट समुद्रात जातो, हे अडाणी माणसालाही एका नजरेत कळेल असा तक्ता काढायचा आणि आठवडे बाजारात टांगायचा. "नसती उठाठेव!" मी म्हटलं. झालं! चार दिवस अबोला.

निळा रंग समुद्रासाठी राखून ठेवला, म्हणून नदी तांबडी झाली. रेघेवर गोल गोल ठिपके: बेलापूर, प्रवरासंगम, पैठण, नांदेड, राजमहेंद्री. समुद्रातला मासा मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या प्रवरेतली मरळच काढली, पोटात कागद भरला आणि रागीट दिसावी म्हणून तिला भुवया दिल्या.

बाजारात पहिलीच म्हातारी म्हणाली, "मास्तर, ही यष्टी कवा सुटती?"

दुपारपर्यंत अकराजणांनी गाडीची वेळ विचारली. एकानं तर पैठणला जेवायला थांबते का, हेही विचारलं. मी हसून हसून बेजार.

मास्तर हसले नाहीत. "चुकलं माझं, त्यांचं न्हाई," म्हणाले आणि तक्ता उतरवला.

आठवडाभर पुन्हा बसले. ठिपके गेले, नदी निळी झाली, तिच्यावर खरे फाटके कागद डकवले. शेवटी समुद्राकाठी एक बाई काढली, कडेवर मूल. माझ्यातला भूगोलवाला खवळला. "अहो, नकाशात बाई कशाला?"

ब्रश थांबला.

"शकू हाय ती. माझी लेक. तेलगू पोराशी लगीन केलं म्हणून मी तिला उंबरा चढू दिला न्हाई. आठ वर्सं झाली. आता हितनं आपुन नदीत सोडतो, तेवढंच तिच्या दारी जातंय. निदान घान तरी नको जायला."

मला फार लाज वाटली.

पुढच्या बाजारी तीच म्हातारी आली. "ही कोन वो?"

"लेक माझी. नदी तिच्याच गावाला जाती."

म्हातारीनं बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची फाटकी खोळ काढली, घडी घालून पाटीत ठेवली. "लेकीच्या दारात कुनी घान टाकतं व्हय? पर मास्तर, खुशाली तरी धाडता का तिला?"

मास्तर उगाच तक्त्यावरचा सुटलेला कागद दाबून बसवू लागले.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले, एक अंतर्देशीय पत्र घेऊन. "पत्ता तेवढा इंग्रजीत तुमी घाला." मी पेन उघडलं. त्यांनी पत्ता सांगितला, अगदी गल्लीसकट, कुठलाही कागद न बघता.