आण्णांचं करंट खातं

आण्णा आमच्या बँकेत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ना नमस्कार केला, ना कुणाला काही विचारलं. सरळ कॅशियरच्या पिंजऱ्याशी गेले, जाळी दोन्ही हातांनी धरली आणि एक पाय भिंतीला लावून अशी ओढली की आतला कॅशियर मोजत्या नोटा टाकून उभाच राहिला. दारावरचा हवालदार धावत आला. हा आमचा पहारेकरी, फौजेतून निवृत्त झालेला. आण्णांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं, त्याच्या खांद्यावरचा बंदुकीचा पट्टा मुठीत धरला आणि तोही एकदा ओढून बघितला.

"हात मत लगाना!" हवालदार ओरडला. चिडला की त्याला फौजेतलं हिंदी सुचायचं.

"पट्टा चांगला हाय," आण्णा म्हणाले. "जाळी जरा ढिली हाय. बाकी बँक बरी दिसतीया."

मग ते माझ्या टेबलाशी आले. मी नुकताच साताऱ्याहून बदलून कराडला आलो होतो आणि चालू खात्यांचं काम माझ्याकडे होतं. "तुमीच का नवीन सायेब?" असं म्हणत त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली आणि हिसका दिला. बटण तुटून त्यांच्या हातात आलं. ते त्यांनी माझ्यापुढं टेबलावर ठेवलं.

"ह्ये न्हाई सोसलं," ते म्हणाले.

शर्ट नवा कोरा होता. माझं डोकं असं तापलं होतं म्हणता! पण समोरचा माणूस सत्तरीकडे झुकलेला, पांढऱ्याशुभ्र धोतरातला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही. मी मुकाट्यानं बटण खिशात टाकलं.

कराडच्या पेठेत आण्णांचं दोरांचं दुकान होतं. कासरा, नाडा, चऱ्हाट, सुतळी, विहिरीवरचे सोल, सगळं तिथं टांगलेलं असायचं. जन्मभर दोर ओढून पाहण्यात गेलेला हा माणूस दिसेल ती वस्तू ओढून बघायचा. "ताण घेतल्याबिगर माल कळत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. एस.टी.त बसण्याआधी ते दाराची दांडी ओढायचे. भाजीवालीच्या तागडीची साखळी ओढायचे. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी म्हणे नवऱ्या मुलाचा हात धरून त्याला पाटावरून खेचलं. मुलगा जागचा हलला नाही, म्हणून त्याच बैठकीत सुपारी फुटली. जावई पुढं चांगला निघाला, त्यामुळे आण्णांना या बाबतीत कुणी काही बोलू शकत नव्हतं.

तर अशा या आण्णांना आपलं करंट खातं जुन्या बँकेतून काढून आमच्याकडे आणायचं होतं. आमची शाखा नवी. एखाद्या व्यापाऱ्याचं चालू खातं मिळालं की आमचे मॅनेजर देवधर साहेब सगळ्यांना स्पेशल चहा पाजायचे. त्यांनी आण्णांना खुर्ची दिली. आण्णांनी ती आधी ओढून बघितली, मग बसले.

"जुनी बँक का सोडताय, आण्णा?" साहेबांनी विचारलं.

"तितला पंखा लय वारा घालतोय."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर कारण बदललेलं. तिथली शाई फिकी. तिसऱ्या दिवशी तिथलं घड्याळ पुढं. एकदा तर म्हणाले, "तितलं मांजर माझ्याकडं बघत न्हाई." आता बोला!

आण्णा रोज तीन वाजता यायचे. खातं काही उघडायचे नाहीत. "बघू द्या की जरा," म्हणायचे आणि ग्राहकांच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसायचे. त्याच सुमाराला आमचे एक ग्राहक यायचे, सदूभाऊ. पेठेतच त्यांचा बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा धंदा होता. गोरे, स्थूल, हळू बोलणारे गृहस्थ. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे, कॅशियरला घरचं एखादं वाक्य सांगायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे.

आण्णा मात्र माझ्याशी बोलायचे. आणि ते बोलणं म्हणजे काय सांगू! मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो, आणि यांचा आवाज कृष्णेच्या पलीकडल्या माणसाला हाक मारल्यासारखा.

"सायेब! धाकलीला पोरगा झाला बरं का! नाक अगदी आमच्या आईवर गेलंय!"

"आण्णा, मला ऐकू येतं."

"तुमास्नी न्हाई येत असं कोण म्हनतंय?" असं ते आणखी मोठ्यानं म्हणायचे. "माझा गुडगाबी आता बरा हाय! मिरीचं तेल लावतोय!"

कॅशियरची बेरीज चुकायची. देवधर साहेब केबिनमधून डोकं बाहेर काढायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाचं हे असंच होतं.

शेवटी साहेबांचा संयम सुटला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघा, बाक ग्राहकांसाठी आहे. त्यांना म्हणावं, खातं उघडा, मग हवं तितकं बसा. नाहीतर नमस्कार."

मी आण्णांपुढं अर्ज ठेवला. आण्णांनी कागदाचे दोन कोपरे धरले, तेव्हा मी झडप घालून तो सोडवला. सगळं भरून झालं आणि एक रकाना उरला.

"इथं ओळख देणाऱ्याची सही लागेल," मी म्हणालो. "आमच्या बँकेत खातं असलेला कुणीही चालेल. मी या माणसाला ओळखतो, एवढंच त्यानं लिहून द्यायचं."

आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "मला वळख? आवं, आख्खं कराड मला वळखतंय!"

"म्हणून तर म्हणतो, कुणाचीही आणा."

मी एकेक नाव घेत गेलो. गुळाच्या अडत्याचं नाव काढलं. "त्यानं माझा नाडा वापरून परत आनला हुता." कापडवाल्याचं काढलं. "त्येच्या कापडाचा मी ताण घेतला, तवापासनं बोलत न्हाई." किराणावाल्याशी भांडण होतं, तेलवाल्याशी अबोला होता. साहेब स्वतः कुणाला तरी सांगतो म्हणाले, तर आण्णा ताठ झाले. "आजवर कुनापुढं सहीसाठी हात पसरला न्हाई. आता काय पसरतोय?"

माझंही डोकं फिरलं. "मग तुमच्याच आडनावाचे, तुमच्याच पेठेतले सदूभाऊ आहेत की! रोज बाकावर तुमच्या शेजारी बसतात. ते देतील."

आण्णांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. छत्री उचलली आणि तडक निघून गेले. दार ओढायचंसुद्धा राहिलं.

"काय सायेब, कुठं बोट घातलंत!" हवालदार माझ्यापाशी येऊन म्हणाला. "आवं, सदूभाऊ त्यांचा सख्खा धाकटा भाऊ हाय."

पेठेतली सगळी बित्तंबातमी हवालदाराकडे असायची. त्यानं सांगितलं ते असं. आण्णांच्या थोरलीच्या लग्नात मानाचे फेटे बांधत होते. व्याही झाले, पाव्हणे झाले, तालमीतले गडी झाले आणि फेटे संपले. सदूभाऊ राहिले. कुणीतरी आठवण केली, तेव्हा गडबडीत आण्णा म्हणाले, "त्यो घरचाच हाय, त्येला कशाला फेटा?" ते सदूभाऊंनी ऐकलं. ते तसेच, न जेवता, घरी गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

"मग रोज शेजारी कसे बसतात?"

"तीच तर गंमत हाय. दोगांचंबी खातं जुन्या बँकेत हुतं. रोज तीनला दोगं बाकाच्या दोन टोकांस्नी बसायचं आन् तितल्या कॅशियरला घरच्या बातम्या सांगायचं. ह्यानं सांगायचं, त्यानं ऐकायचं. त्यानं सांगायचं, ह्यानं ऐकायचं. एकमेकांकडं बघायचं न्हाई. मग सदूभाऊ कलकत्त्यासनं बारदान मागवायचं, त्येची बिलं तुमच्या बँकेत याया लागली. त्यांनी खातं हिकडं आनलं. आण्णा तितं एकटंच राहिलं."

मी कपाळाला हात लावला. नाक आईवर गेलेला नातू, मिरीचं तेल, गुडघा, हे सगळं मी मला सांगितलेलं समजत होतो! आणि आम्ही त्या माणसाला बाकावरून उठवायला निघालो होतो. मला फार वाईट वाटलं.

चार-पाच दिवस आण्णा फिरकले नाहीत. मग एका दुपारी तीनच्या आधीच आले. आल्यावर त्यांनी जाळी ओढली नाही, खुर्ची ओढली नाही. माझ्यापुढं बसले आणि पहिल्यांदाच अगदी हळू बोलले.

"सायेब, सदूचं आपरेशन हाय म्हनं मिरजेला. पोटाचं."

"हो का? मला नाही माहीत."

"मलाबी न्हवतं म्हाईत. चहाच्या गाड्यावर एका हमालानं सांगितलं." त्यांनी छत्री टेबलावर आडवी ठेवली. "माझ्या भावाचं आपरेशन, सायेब. आन् मला हमाल सांगतोय."

मी खणातून त्यांचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात सदूभाऊ आले. चेहरा उतरलेला, गळ्याभोवती मफलर. ते नेहमीसारखे बाकाच्या टोकाला बसले आणि भिंतीकडे बघू लागले.

आण्णांनी घसा खाकरला. मग त्यांच्या त्या जुन्या, नदीपलीकडच्या आवाजात मला विचारलं, "सायेब! वळख देनारा मानूस घरचा असला तर चालतंय का?"

"चालतं की, आण्णा," मीही मोठ्यानं म्हणालो.

"आन् त्यो रुसलेला असला तर?"

बँकेत सगळे थांबले. कॅशियर थांबला, हवालदार थांबला. देवधर साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

सदूभाऊ सावकाश उठले. आण्णांकडे न बघता माझ्या टेबलाशी आले. "सायेब, कागद हिकडं द्या," म्हणाले. मी पेन दिलं. त्यांनी वळणदार सही केली.

"आणखी एक," मी म्हणालो. "अर्जदाराला कधीपासून ओळखता, तेही लिहायचंय."

सदूभाऊंचा हात थांबला. त्यांनी पेन मला परत दिलं. "तुमीच लिवा. म्हनावं, जल्मल्यापासनं. चालाया ह्येनंच शिकवलंय मला."

ते अजून माझ्याकडेच बघून बोलत होते. पण आण्णा उठून त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. आता बघायला दुसरीकडे जागाच नव्हती.

"सद्या, मिरजेला संगं कोन येतंय?"

"कोन न्हाई. पोरगा फौजेत. रजा न्हाई मिळाली."

"मी येतोय."

"तुझा गुडगा..."

"गुडग्याला काय धाड भरलीया? कवाची गाडी हाय?"

"उद्या सकाळची."

"मग हितं काय करतोयस? चल घरी. धोतरं भरायची हायेत." आण्णांनी भावाचा दंड धरला आणि दोघं बाहेर पडले. सदूभाऊ ज्या कामासाठी आले होते ते राहिलं आणि आण्णांचा अर्जही टेबलावरच राहिला. हवालदार दारात कडक सलाम ठोकून उभा होता. त्याचे डोळे ओले झाले होते, आणि खोटं कशाला सांगू, माझेही.

देवधर साहेबांना मात्र खात्याची काळजी. "सही झाली, पण पैसे भरलेच नाहीत की हो," असं ते पुढले कित्येक दिवस म्हणत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. दोघे भाऊ मिरजेहून परत आल्याचं हवालदारानं सांगितलं, तसा मी आण्णांचा अर्ज घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. आण्णा सोल गुंडाळत बसले होते.

"आण्णा, सगळं तयार आहे. फक्त पैसे भरलेत की खातं सुरू."

आण्णांनी सोल बाजूला ठेवला. जरा ओशाळल्यासारखे हसले. "सायेब, रागावू नका. खातं हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण इतका खटाटोप केलात!"

"तवा त्येचं बोलनं कानावर पडायला दुसरी जागा न्हवती." त्यांनी माझ्यापुढं पाट सरकवला. "आता रोज तिन्हीसांजचं त्येच्याच घरी जेवाया असतोय. बसा, चहा घ्या. सदू येईलच इतक्यात."